स्टूलसुद्धा कंपनीचं

आदरणीय भाऊजी,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा, म्हणजे ज्याला पहिल्याच भेटीत तुम्ही 'भोंगा' हे नाव ठेवलंत आणि पुढे साऱ्या नातेवाइकांत रूढ केलंत त्याचा, वाकून नमस्कार. इकडे मी खुशाल आहे. दुकानही जागेवर आहे (म्हणजे भिंती जागेवर आहेत, बाकीचं पुढे येईल, घाई करू नका). ताईची तब्येत कशी आहे? नाकातली नळी टोचते म्हणून ती नर्सशी अजून भांडते का? भांडत असेल तर मला आनंदच आहे. ताई भांडायची थांबली की मला काळजी वाटते. जेवण जातं का? आणि तुमचं काय? तिच्या पलंगाशेजारच्या त्या अरुंद बाकावर तुमची पाठ धरत असेल. दवाखानेवाल्यांचं असं मत असावं की सोबतीला आलेल्या माणसाने झोपू नये, जागं राहून विचार करावा. (हे वाक्य तुम्हाला लागेल म्हणून खोडणार होतो, पण खाडाखोड केलेलं पत्र वाईट दिसतं.)

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं हे मला मान्य आहे. पण फोनवर तुम्ही 'हं', 'बरं' आणि 'ठेवतो' यांच्या पलीकडे जात नाही, आणि ताईला चार वाक्यं बोलली की धाप लागते. शिवाय मला जे सांगायचंय ते ऐकताना तुम्ही मधे बोलू नये अशी माझी इच्छा आहे. ताईचा चष्मा इथे दुकानातच राहिलाय (फळीखाली सापडला, पुसून डबीत ठेवलाय), तेव्हा हे पत्र तुम्हालाच तिला मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. सावकाश वाचा. माझी वाक्यं लांब असतात, मधे श्वास घ्यायला जागा कमी असते असं सभेचे आयोजकही म्हणतात. मी त्यांना सांगतो की ज्याची छाती शाबूत आहे त्याला अडचण येत नाही.

आधी उजळणी. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताईच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि मला विचारलं, "ह्या किती वर्षं ओढतात?" मी म्हटलं, माझ्या बहिणीने आयुष्यात सिगारेट हातात धरली असेल तर ती गिऱ्हाइकाला देण्यापुरती. त्यांनी फोटोकडे पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मग घरात कोण ओढतं?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही छताच्या पंख्याकडे पाहत होतात. पंखा बंद होता. त्यानंतर त्या जे बोलल्या ते तुम्हीही ऐकलंत, पण पंख्याकडे पाहत ऐकलंत म्हणून पुन्हा लिहितो. ताईच्या फुप्फुसाचं जे गेलं ते गेलं. जे उरलंय त्यावर ती नीट जगू शकते, हिंडूफिरू शकते, तुमच्यावर ओरडू शकते. मात्र धुराच्या घरात परत गेली तर नाही. "धुराच्या घरात मी माझा पेशंट सोडत नाही," असं त्या म्हणाल्या, आणि फोटो पाकिटात घातला.

आता आपलं घर म्हणजे काय? पुढे दुकान, मागे खोली, मधे कमरेएवढं दार. गिऱ्हाईक फळीला टेकतं, साखळीला बांधलेल्या लायटरने पेटवतं, त्याचा धूर आत येतो, तुमचा त्यात मिसळतो, आणि तो सगळा अर्ध्या दारावरून मागच्या खोलीत जातो, जिथे ताई इतकी वर्षं मुलांच्या वह्यांना कव्हरं घालत बसली. म्हणजे ताई घरी येणार की नाही हे दुकानावर ठरणार होतं, आणि ती येईपर्यंत दुकान माझ्या ताब्यात होतं. भाऊजी, इतका मोठा प्रश्न इतक्या अननुभवी माणसाच्या हाती सोपवल्याची उदाहरणं मी इतिहासात भरपूर वाचली आहेत. त्यांचे परिणाम काय झाले यावर माझं एक स्वतंत्र व्याख्यानही आहे.

पहिल्या दिवशी शाळा सुटली आणि फळीसमोर मुलांची झुंबड उडाली. एक म्हणतं, "काका, निळ्याच्या खालची द्या." दुसरं म्हणतं, "मला सोनेरीच्या खालची, लवकर!" मी जाडजाड ग्रंथ पचवलेला माणूस, पण मला यातलं अक्षर कळेना. मी एकाला निळी पेन्सिल दिली. त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की तशी दया मला विद्यापीठातही कुणी दाखवली नव्हती. शेवटी शेजारचा शिंपी मशीन थांबवून ओरडला, "अहो भोंगेसाहेब, कपाटाकडे बघा! निळ्या पाकिटांच्या खालच्या बरणीतल्या गोळ्या म्हणतोय तो!" (हो, तुम्ही ठेवलेलं नाव इथपर्यंत पोचलंय. त्याला 'साहेब' लावून शिंप्याने ते आणखी वाईट केलंय.)

त्याच गडबडीत ती पेन्सिल खाली पडली आणि मी फळीच्या बाहेर जाऊन ती उचलायला गुडघ्यांवर बसलो. तिथून वर पाहिलं, आणि तसाच बसून राहिलो. भाऊजी, आपण दोघांनीही ते दुकान आयुष्यभर उभ्याने पाहिलंय. उभ्याने पाहिलं तर समोर साबण दिसतो, तेलाच्या बाटल्या दिसतात, वह्यांचे गठ्ठे दिसतात. शाळेतल्या पोराच्या उंचीवरून यातलं काहीच दिसत नाही. दिसतात त्या गोळ्यांच्या बरण्या, आणि त्यांच्या बरोबर वर, काचेआड, आतून दिवे लावलेली, रंगांप्रमाणे ओळीने मांडलेली सिगारेटची पाकिटं. आख्ख्या दुकानात उजेड काय तो तिथेच. ज्या मुलाला अजून जोडाक्षर वाचता येत नाही त्याला कंपनीचे सगळे रंग तोंडपाठ झालेत, आणि प्रत्येक रंगाशी एक गोड चव जोडली गेलीय. हे असं मांडलं कुणी? तुम्ही नाही, मला ठाऊक आहे. तुम्हाला स्वतःच्या शर्टाची बटणं ओळीने लावता येत नाहीत.

मग मी त्या कपाटाचा अभ्यास सुरू केला. (अभ्यास केल्याशिवाय मी कशावरच संतापत नाही. संताप आधी येतो हे खरं, पण मी त्याला बाहेर बसवून ठेवतो.) कपाटाच्या डोक्यावर ते चित्र आहे ना, डोंगराचा कडा, धबधबा, आणि कड्यावर हात पसरून उभा असलेला पांढऱ्या दातांचा गडी? त्याला पाहिलं की वाटतं याच्यासारखा श्वास जगात कुणी घेतला नसेल. त्याच्या पायाखाली दहा हात हवा मोकळी, आणि त्याच चित्रापासून चार हातांवर, मागच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून माझी बहीण इन्हेलर हलवून त्यात काही उरलंय का बघत होती. दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक पाकिटावर सडलेल्या फुप्फुसाचं चित्र छापलेलं असतं, पण आपल्या दुकानात ते कधी कुणाला दिसलं नाही. का, तर कपाटाच्या प्रत्येक फळीच्या कडेला एक चकचकीत पट्टी आहे, आणि तिची रुंदी अशी आहे की ती बरोबर त्या चित्रापुरतीच आड येते. पट्टीवर लिहिलंय, 'आपलं स्वागत आहे'. मी चाकूने ती पट्टी उचकटून काढली. आठवड्याच्या भेटीला कंपनीचा तो टाय लावणारा तरुण आला, त्याने हसत हसत नवी पट्टी लावली, आणि माझ्या बोटाला चाकू लागला होता त्यावर स्वतःच्या खिशातली चिकटपट्टी लावून दिली. असा सौजन्याने वागणारा शत्रू मला वाचनात कुठे भेटला नव्हता.

(इथे थोडं थांबा. ताईला पाणी हवंय का विचारा. उशी सरळ करा. मग पुढचं पान.)

अर्थात मी गप्प बसणार नव्हतोच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कामावरून सुटलेली माणसं बसथांब्याकडे जातात त्या वेळी, मी फळीबाहेर स्टूल ठेवलं, त्यावर चढलो आणि बोलायला सुरुवात केली. भाऊजी, मी चांगला बोललो. समुद्रापार तंबाखूचं पान कसं नेलं गेलं, त्याच्या मळ्यांसाठी माणसं कशी विकली गेली, रणांगणावर सैनिकांच्या शिध्यात ते कसं घातलं गेलं, जो धंदा आपलंच गिऱ्हाईक मारतो त्याला रोज नवं गिऱ्हाईक का लागतं आणि ते शाळेच्या दारातच का शोधावं लागतं, हे सगळं मी बिनकागदाचं मांडलं. माणसं थांबली. एक बस गेली, दुसरी गेली, माणसं हलेनात. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त आली, आणि आठवडाभर वाढतच गेली. बसचा ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन ऐकायला लागला. शिंप्याच्या डोळ्यांत तर पाणी आलं. (नंतर कळलं ते धुराने आलं होतं.) कारण ही माणसं ऐकताना काय करत होती? इतका वेळ उभं राहायचं तर हाताला काहीतरी हवं, म्हणून फळीवरून एकेक घेत होती. मी मळ्यांतल्या गुलामांवर आलो की दुसरी पेटायची. ड्रायव्हर मला म्हणाला, "साहेब, तुमचं भाषण आणि एक सिगारेट, दिवसभराचा शीण जातो बघा."

मी चिडून भाषणं बंद करणार होतो, तेवढ्यात टायवाला आला. कपाट उघडून त्याने आत पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "सर, या कॉर्नरवर मालाला एवढा उठाव आधी कधीच नव्हता! तुम्ही गर्दी कशी जमवता?" मी म्हटलं, मी तुमच्या मालाविरुद्ध बोलतो. तो म्हणाला, "बोला ना सर, काहीही बोला, लोक थांबले पाहिजेत." आणि पुढच्या खेपेला माझ्यासाठी माईक आणि मोठी छत्री पाठवतो असं वचन देऊन त्याने वहीत खूण केली. भाऊजी, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी व्याख्यान मी त्यांच्या खर्चाने, त्यांच्या बाजूने दिलं होतं. (ताई, हसू नकोस, खोकला येईल. बरं, थोडी हस.)

त्या क्षणी माझ्या तोंडून काहीतरी बोचरं निघावं म्हणून मी त्याला विचारलं, "तुम्ही स्वतः यातली कोणती ओढता?" तो लाजला. त्याने टायची गाठ सैल केली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मी नाही हो ओढत सर. घरात लहान बाळ आहे."

बाकी काही नाही. एवढंच. तो ते अभिमानाने बोलला नाही की ओशाळूनही नाही. 'छत्री घेतलीय, आभाळ आलंय' असं बोलावं तसं बोलला. त्याला माहीत होतं, भाऊजी. धूर खोलीभर पसरतो, ज्याने सिगारेट पेटवली नाही त्याच्याही छातीत जातो, आणि बाळाच्या छातीत सगळ्यात आधी जातो, हे त्याला माझ्याइतकंच आणि डॉक्टरीणबाईंइतकंच माहीत होतं. ते स्वतःच्या घराबाहेर ठेवून तो दर आठवड्याला ताईच्या घरात आणून लावत होता. मी त्याला म्हटलं, उद्या टेम्पो आणा आणि हे कपाट घेऊन जा.

त्याचा चेहरा पडला नाही, तो रागावला नाही. नम्रपणे एवढंच म्हणाला, "सर, कंपनीचं म्हणून जे आहे ते सगळंच न्यायचं ना?" मी म्हटलं, सगळं, काडीसुद्धा ठेवू नका. भाऊजी, 'सगळं' हा शब्द वापरण्याआधी माणसाने थोडी चौकशी करावी.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, दोन हमाल उतरले. त्यांनी आधी साखळीसकट लायटर काढला. लोक जमू लागले, मला बरं वाटलं. मग ते शिडी लावून वर गेले आणि दुकानाची पाटी उतरवायला लागले. मी म्हटलं, अहो, ती आमच्या दुकानाची पाटी आहे. टायवाल्याने बोट दाखवलं. खरंच होतं; पाटीवर माणसाएवढं पाकीट होतं आणि तुमचं नाव कोपऱ्यात, पत्त्याखाली, मेलेल्या मुंगीएवढं. मग दारावरची छपरी गेली. मग घड्याळ गेलं, त्याच्या काट्यांवरही तोच रंग. सुट्टे ठेवायची बशी गेली. कचऱ्याचा डबा त्यांनी माझ्यासमोर रिकामा करून नेला. काचेच्या दारावरची 'ढकला' ही चिठ्ठीसुद्धा नखाने खरवडून काढली, आणि त्यामुळे आता गिऱ्हाईक ते दार ओढतात. भाऊजी, तुम्ही त्या दुकानात मालक म्हणून बसत होतात की कंपनीच्या सामानाबरोबर आला होतात असा प्रश्न मला पडला. तुम्हालाही टेम्पोत घातलं असतं अशी माझी जवळजवळ खात्री आहे, बरं झालं दवाखान्यात होतात.

आता गर्दी चांगलीच जमली होती, आणि प्रसंग तर असा होता की बोललो नसतो तर मी माझा उरलो नसतो. मी स्टूलावर चढलो. म्हटलं, "मित्रहो, ज्या दिवशी माणूस दुसऱ्याच्या उजेडात, दुसऱ्याच्या पाटीखाली, दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे आपलं दुकान चालवू लागतो, त्या दिवशी..." तेवढ्यात थोरला हमाल माझ्या पँटचं टोक हळूच ओढून म्हणाला, "साहेब, वाक्य संपलं की जरा उतरता का? स्टूलसुद्धा कंपनीचं आहे."

लोक इतके हसले की शिंप्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी उतरलो. स्टूल गेलं. ते वाक्य अजून अर्धवटच आहे.

शेवटी कपाट निघालं. ते भिंतीला आठ बोल्टांनी जखडलेलं होतं, त्याला वेळ लागला, आणि ते बाजूला झाल्यावर जे दिसलं ते पाहून हसणं थांबलं. कपाटामागे खिडकी होती. चांगली दोन दारांची, लाकडी, बोळाकडे उघडणारी खिडकी. (ताई, तू मला एकदा म्हणाली होतीस की लग्न होऊन आलीस तेव्हा इथून समोरच्या भिंतीवरचं ऊन दिसायचं. मला वाटलं होतं तू माहेरच्या घराबद्दल बोलतेयस.) कंपनीने खिडकी झाकली, भाऊजी, आणि त्या जागी मोकळ्या हवेचं चित्र लावलं. तुम्ही लावू दिलंत. फुकट मिळत होतं, दिवे लागत होते, दुकान नवं दिसत होतं. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानेही लावू दिलं असतं. त्या धंद्याला वाईट माणसं लागतच नाहीत. त्याला आपल्यासारखी चांगली, थोडी दमलेली, फुकट दिव्याला नाही न म्हणणारी माणसं पुरतात.

खिडकीची कडी गंजली होती. शिंप्याने मशीनचं तेल आणून सोडलं, आम्ही दोघांनी खांदे लावले आणि ती उघडली. वारा आत आला, वह्यांची कव्हरं फडफडली. उजेडात मी भिंतीकडे पाहिलं. कपाट होतं तेवढा चौकोन पांढराशुभ्र, आणि बाकीची भिंत तपकिरी. मी आजवर समजत होतो की तो रंग तुम्ही पसंत केलाय आणि तुमच्या आवडीनिवडीबद्दल काही बोलू नये. मी ओलं फडकं घेऊन भिंत पुसली. फडकं चहात बुडवल्यासारखं झालं, आणि त्याला जो वास आला तो मी ओळखला, कारण ताईच्या पदराचा तोच वास मी ओळखत आलोय. मी भिंत पुसत राहिलो. बादली भरभरून पाणी बदललं. भिंतीचं एक बरं असतं, ती पुसता येते.

मी जिंकलो असं सांगायला मला आवडलं असतं. त्याच संध्याकाळी आपलं कपाट समोरच्या सायकलवाल्याकडे लागलं, दिव्यांसकट. डोंगरावरचा तो गडी आता रस्त्यापलीकडून माझ्याकडे बघून हसतो. ड्रायव्हर तिकडे जातो, जाताना मला हात करतो. गिऱ्हाईक कमी झालंय हे लपवत नाही. वह्या, साबण आणि गोळ्या यांवर दुकान चालेल, पण जेमतेम चालेल. गोळ्यांचंही अवघड झालंय. काल एक चिमुरडी बराच वेळ फळीसमोर उभी राहिली. तिला हवी होती ती गोळी समोर दिसत होती, पण तिच्याकडे त्या गोळीला नावच नव्हतं. शेवटी तिने रस्त्यापलीकडे, सायकलवाल्याच्या दिव्यांकडे बोट केलं आणि म्हणाली, "त्या सोनेरीच्या खालची होती ती." मी तिला बरणीच हातात दिली आणि म्हटलं, तूच नाव ठेव. तिने खूप विचार करून 'आंबट' ठेवलं. मी चिठ्ठीवर लिहून बरणीला लावलंय.

शिंप्याचं मात्र ऐका. तो अजून ओढतो, रस्ता ओलांडून. पण म्हणतो, "पूर्वी हात लांब केला की मिळायची. आता गाड्या चुकवत जायचं, गाड्या चुकवत यायचं. कधीकधी राहूनच जातं." खिडकी उघडल्यापासून तो हातशिलाईचं काम घेऊन आपल्याच फळीवर बसतो, उजेड चांगला आहे म्हणतो, आणि मी त्याच्याशी वाद घालतो. एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. मी बोलत असलो की त्याचा हात खिशाकडे जात नाही. त्याला राग येतो, तो उलट बोलतो, सुईत दोरा घालायचं विसरतो. मी दम घ्यायला थांबलो की लगेच हात खिशाकडे. मी विचारलं, तर म्हणाला, "तलफ म्हणजे काय हो, दारावर आलेला विक्रेता. थोडा वेळ कडी वाजवतो. घरात कुणी बोलत बसलं असलं की ऐकूच येत नाही, जातो निघून."

असो. लिहिण्यासारखं अजून पुष्कळ आहे, पण तुमचा घसा सुकला असेल. ताईला माझा नमस्कार आणि तिच्या खिडकीचाही. मागची खोली धुतली, गाद्या उन्हात टाकल्या, पडदे शिंप्याने नवे शिवलेत (त्याच्या पसंतीचे आहेत, ताई, आल्यावर त्याला काय बोलायचं ते तू बोल). घर तयार आहे. डॉक्टरीणबाईंना तसं सांगा.

तुमचा, पायाखाली आता काही नसल्यामुळे जमिनीवरून बोलणारा,

भोंगा

ता.क. पाटी रंगवणारा रोज येऊन विचारतो की दुकानाचं नाव काय लिहू. मी त्याला थांबवून ठेवलंय. ताईला विचारून कळवा. अक्षरं मोठी असतील, मुंगीएवढी नाहीत.

दुसरी ता.क. चष्मा मी पोस्टाने पाठवू शकलो असतो. शिंप्याचा भाचा परवा तिकडेच येऊन गेला, त्याच्याकडेही देता आला असता. मुद्दाम दिला नाही.

तिसरी ता.क. हा भाग मोठ्याने वाचू नका.

भाऊजी, घर तयार आहे असं मी वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. कपाट गेलं, पण त्या घरात धूर आणणारं एक माणूस अजून यायचंय. ताई दुपारी जेवून डोळे मिटते आणि तुम्ही 'चहा घेऊन येतो' म्हणून जिन्यात जाता, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर. मला हे ताईनेच फोनवर सांगितलं, थांबत थांबत. ती झोपलेली नसते. म्हणाली, "ते परत येऊन बसले की त्यांच्या शर्टाने मला खोकला येतो. मी तो उशीत दाबते. त्यांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल रे." तिला श्वास कमी पडतो, आणि आहे तो ती तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून अडवून धरते. तुमच्यावर भाषण करायचं मी ठरवलं होतं. हे लिहिल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही.

म्हणून हे पत्र इतकं लांब आहे. रोज दुपारच्या जेवणानंतर, तुमचा हात खिशाकडे जाईल त्या वेळी, ते उघडायचं आणि तिला वाचून दाखवायचं, एवढीच माझी मागणी आहे. वाचणाऱ्याला तोंडात दुसरं काही धरता येत नाही. मधली उजळणी, कंस, पाणी, उशी, सगळं त्यासाठीच घातलंय. शेवटपर्यंत पोचाल तोवर तो विक्रेता कडी वाजवून निघून गेलेला असेल. गेला नसेल, तर आता पुन्हा मोठ्याने, 'आदरणीय भाऊजी' पासून सुरू करा. ताईला सांगा, भोंग्याचं एकदा ऐकून कळत नाही.